तीन महिन्यांनी पुन्हा तपासा

आमच्या वन्सं एकतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासत आल्या, आणि त्यातली चोवीस वर्षं मी त्यांच्याबरोबर एका छपराखाली काढली आहेत. यातलं जास्त अवघड काम कोणतं, हे मला विचारू नका. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की "राहून गेलं" म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात.

त्यांना एकच प्रश्न येतो: कधीपासून? डोकं दुखतंय म्हणा, "कधीपासून?" नळ गळतोय म्हणा, "कधीपासून?" फ्रिजमधल्या प्रत्येक भांड्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेन्सिलीने तारीख-वेळ. एकदा मी वैतागून स्वतःच्याच कपाळाला पट्टी लावली होती, 'डोकं फिरलं: आज सकाळी साडेनऊ'. आमचे हे पोट धरून हसले. वन्संनी चष्मा पुढे ओढून पट्टी नीट वाचली आणि विचारलं, "त्याआधी ठीक होतं?"

लॅबमध्ये त्यांचं टेबल अगदी शेवटचं, काचांना काळा कागद लावलेल्या खिडकीपाशी. उजेडाने काही द्रव खराब होतात म्हणे. बर्फाच्या ट्रेमध्ये नळ्या उभ्या, शेजारी एक जाडजूड वही, आणि वन्सं स्टुलावर ताठ. बाकीच्या टेबलांवर साखर, कावीळ, हिमोग्लोबिन असली रोजची कामं. यांच्याकडे एन्झाइम. त्यातही रक्तातल्या पेशी जळू नयेत म्हणून राबणारी एन्झाइम हा त्यांचा खास प्रांत. पाहुणे आले, चहा झाला, की कुणीतरी भिडेखातर विचारायचं, "सध्या काय चाललंय कामाचं?" मग तो माणूस तासभर सुटत नसे.

मुलगा सात वर्षांचा असताना त्यांनी त्याला स्वयंपाकघरात ओट्याशी उभं केलं. बटाट्याची चकती कापली आणि जखमेवर लावायच्या पेरॉक्साइडचे चार थेंब तिच्यावर टाकले. चकतीवर पांढरा फेस आला. पोरगं हरखलं.

"बघ," वन्सं म्हणाल्या, "आपण श्वास घेतो त्यातला थोडा ऑक्सिजन पेशीत गेल्यावर उलटतो. जहाल होतो. दिसेल ते पोळत सुटतो. त्याला आवरायला आत एन्झाइम बसलेली असतात. एक त्याचं पेरॉक्साइड करतं, दुसरं त्या पेरॉक्साइडचं पाणी करतं. हा फेस त्या दुसऱ्याचा."

"माझ्यात पण आहेत?"

"असतात सगळ्यांत. एक तिसरंही असतं, त्याला काम करायला रसद लागते. ती पुरवायला चौथं."

त्यानंतर आठवडाभर त्याने घरातल्या प्रत्येक वस्तूवर पेरॉक्साइड टाकून पाहिलं, माझे बटाटे तर बटाटे, पण नव्या सतरंजीचाही रंग उडवला. ओरडायला गेले तर आत्या-भाचे एक झाले. "तो शिकतोय," म्हणाल्या. शिकू दे, पण सतरंजी माझी होती.

ते चौथं एन्झाइम पुढे आमच्या घरावर असं उलटेल हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

गेल्या वर्षीची गोष्ट. मुलगा बावीस वर्षांचा, सर्वेक्षणाचा अभ्यासक्रम नुकताच संपवलेला. त्याला ताप आला, लघवीला जळजळ व्हायला लागली. तसंच दुखणं मला काही महिन्यांपूर्वी झालं होतं आणि माझ्या गोळ्या उरल्या होत्या. एरवी आमच्या घरात वन्संना विचारल्याशिवाय कुणी खोकल्याची गोळीसुद्धा चघळत नाही. पण त्या दिवशी सकाळीच त्यांनी लोणच्याच्या बरणीवर तारीख नाही म्हणून दहा मिनिटं माझं डोकं खाल्लं होतं. पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन उलटतपासणी द्यायची माझी तयारी नव्हती. मी गोळी दिली. त्या दिवशी दोनदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशीही दिली. त्याने तापाची समजून घेतली.

चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट. जिना चढताना तो मध्येच खाली बसला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध दिलंत?"

"तापाची गोळी," मी म्हणाले. "बाकी काही नाही."

खोटं का बोलले? कारण वन्सं शेजारी उभ्या होत्या. मुलगा पांढराफटक पडलाय आणि मला भीती कशाची, तर नणंदेच्या बोलण्याची. आज हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

वन्सं त्याचे कपडे आणायला घरी गेल्या. परत आल्या तेव्हा हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कचऱ्याच्या डब्यातलं माझ्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. त्या थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, दोन मिनिटांत बाहेर आल्या आणि बाकावर माझ्या शेजारी बसल्या. मी वाट बघत होते. आता सुरू करतील, मग सुरू करतील. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, घरी आल्यावरही नाही. मुलासमोर तर चकार शब्द काढला नाही.

सातव्या दिवशी त्याचं रक्त वन्संच्याच टेबलावर गेलं. डॉक्टरांना त्या चौथ्या एन्झाइमची शंका होती, जी-सिक्स-पीडी म्हणतात त्याला. रिपोर्ट आला, नॉर्मल. आमचे हे तिथेच देवाला हात जोडायला लागले. वन्सं मात्र तोंड कडू करून उभ्या.

"हा रिपोर्ट धरू नका," म्हणाल्या.

"अगं ताई, तूच तर तपासलंस!"

"म्हणूनच सांगते. लाल पेशीला नवं एन्झाइम तयार करता येत नाही. जन्मताना मिळालं त्यावर तिला एकशेवीस दिवस काढायचे असतात. याचं मुळात लेचंपेचं असेल तर म्हाताऱ्या पेशींतलं संपत आलेलं असणार. औषधाने त्याच फुटल्या. उरल्या कोण? तरण्या. त्यांच्यातलं अजून शाबूत. आणि मी तपासलं कुणाला? तरण्यांना."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नापास होणारी पोरं शाळा सोडून गेल्यावर निकाल लावलाय. शंभर टक्के. नव्या पेशी जुन्या होऊ देत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं."

हेच त्यांनी आपल्या वहीत पेन्सिलीने लिहिलंही होतं: तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पण वही टेबलावर राहते आणि रिपोर्ट कॉम्प्युटरमधून निघतो. त्यात आकड्याची चौकट आहे, सहीची आहे, शेऱ्याची नाही. आजार कधी सुरू झाला याची तर नाहीच. ती चौकट घाला म्हणून वन्सं सहा वर्षं अर्ज करत होत्या. दर वेळी उत्तर एकच, पुढच्या खेपेला बघू. त्यांनी छापील कागदावर हाताने शेरे लिहायला सुरुवात केली, तर रिपोर्ट स्वच्छ असावेत असा हुकूम आला. तेव्हा आमच्या हातात आला तो एक स्वच्छ कागद. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलाच्या सर्टिफिकेटांबरोबर ठेवून दिला.

मुलगा बरा झाला. अडीच महिन्यांनी त्याला नोकरीचं पत्र आलं, आणि तेही कसलं! जंगलातून जाणाऱ्या नव्या रस्त्याची मोजणी, तंबूत राहायचं, सात जणांची तुकडी. शाळेपासून तो नकाशांत नाक खुपसून बसायचा. त्याचा तर पाय जमिनीवर ठरेना. त्या भागात मलेरिया फार, म्हणून सगळ्यांना एक गोळी सक्तीची. ती गोळी द्यायच्या आधी कंपनी नेमकं हेच एन्झाइम तपासून घेते, कारण ज्याच्यात ते कमी त्याच्या रक्ताला ती गोळी सोसत नाही. आमच्याकडे रिपोर्ट तयारच होता. मुलाने तो फॉर्मला जोडला.

वन्संनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "येत्या सोमवारी तीन महिने होतायत. रक्त देऊन जा."

"कशाला आत्या? दिलाय ना रिपोर्ट."

"तो खरा नाही."

"सही तुझी आहे त्याच्यावर!"

"म्हणूनच म्हणते."

"आणि आता कमी आलं तर? ही नोकरी गेली ना माझी?"

"मागच्या वेळी दवाखान्यात पोचायला अर्धा तास लागला होता," वन्सं म्हणाल्या. "तिथून किती लागेल?"

तो दार आपटून गेला. मग माझा नंबर. वन्संनी विचारलं, तुझ्या माहेरी कुणाला अशी कावीळ झाली होती का, कारण हे आईकडून मुलाकडे येतं. झालं! चोवीस वर्षं यांनी माझ्या भांड्यांना, बरण्यांना, फडक्यांना नावं ठेवली, आता माझ्या रक्तापर्यंत पोचल्या. मी जे तोंड सोडलं ते सोडलं. तुम्हाला त्याचं बरं बघवत नाही, तुम्हाला फक्त आपलं खरं करायचंय, सगळं बोलले. पण त्यांनी एकदाच म्हटलं असतं, 'अगं, त्या गोळ्या कुणी दिल्या?' तर मी जागच्या जागी गप्प झाले असते. त्यांनी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये स्वतःचाच रिपोर्ट रद्द करायला गेल्या. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पर्स खुर्चीत फेकली, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कारकून म्हणाला होता, रद्द करायला पेशंटचा अर्ज लागतो. पेशंट अर्ज करत नाही म्हटल्यावर म्हणाला, मग रद्द कशाला करताय? त्या तिथून लॅबच्या साहेबांकडे गेल्या.

"आकडा चुकलाय?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"सही तुमची?"

"हो."

"मग रिपोर्ट बरोबर आहे."

"आकडा बरोबर आहे. रिपोर्ट चुकीचा आहे."

"बाई," साहेब म्हणाले, "दोन दिवस रजा घ्या तुम्ही."

हे सांगताना वन्संचा आवाज चढला होता. "एकतीस वर्षं! एकतीस वर्षं यांना सांगतेय की रक्त कुठल्या दिवशी घेतलं त्यावर सगळं आहे. भिंतीशी बोलले असते तर भिंतीला पोचा आला असता." आमचे हे खाली मान घालून जेवत होते. मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं. हो, तसंच म्हटलं.

पुढच्या दोन दिवसांत वन्सं मुलाला पाचदा तरी रक्त दे म्हणाल्या असतील. त्याने पाचदा मान फिरवली. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी वाटी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, "मी आज कंपनीच्या डॉक्टरांना पत्र पाठवलं. अमुक नंबरचा रिपोर्ट मी केलाय, त्यावर विसंबू नये, तपासणी पुन्हा करावी. एवढंच लिहिलंय."

मुलगा ताटावरून उठला. मी त्यांना म्हणाले, "तुम्हाला स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं."

आमचे हे म्हणाले, "अगं!" वन्संनी ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, आपलं ताट घासलं आणि खोलीत गेल्या. असं वाक्य बोलल्यावर ते परत घेता येत नाही, हे मला बोलता बोलताच कळलं होतं.

कंपनीच्या डॉक्टरांनी मुलाला बोलावलं. त्यांनी ठरवलेल्या दुसऱ्याच लॅबमध्ये रक्त दिलं, आणि चार दिवसांनी रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. आमच्या यांना सुट्टी मिळाली नाही. मी बरोबर गेले कारण मुलगा आणि वन्सं एका रिक्षात दोघंच बसायला तयार नव्हते.

कंपनीच्या डॉक्टर वयाने लहान, पण करारी. कागद समोर सरकवून म्हणाल्या, "असायला हवं त्याच्या तीस टक्के आहे. तुम्हाला त्या तुकडीत पाठवता येणार नाही. ती गोळी तुम्हाला द्यायचीच नाही, आणि आणखीही काही औषधं आहेत, त्यांची यादी देते. जन्मभर सांभाळायची."

मुलाने कागद घेतला नाही. वन्संनी घेतला, वाचला, आणि डोळे मिटून घेतले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर शोधायला मी बघत होते. तो नव्हता. त्या फक्त दमलेल्या दिसल्या.

"मागे त्रास झाला होता, तेव्हा काय घेतलं होतं?" डॉक्टरांनी पेन उचललं. "नोंद करावी लागेल."

"तापाची गोळी," मुलगा म्हणाला.

"नाही. तापाच्या साध्या गोळीने असं होत नाही. दुसरं काहीतरी असणार."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला आठवत असणार; गोळी आणि पाण्याचा पेला माझ्याच हातात होता. खोलीत पंखा फिरत होता आणि मी त्या पंख्याकडे बघत होते.

"लघवीच्या जळजळीची होती," वन्सं म्हणाल्या आणि गोळीचं नाव सांगितलं. "घरात उरलेली. मीच म्हटलं होतं याच्या आईला, दे म्हणून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तुम्ही? तुम्ही लॅबमध्ये आहात ना?"

"हो."

"आणि दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या, डॉक्टरांना न विचारता?"

"चूक झाली माझी."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. जी बाई पेन्सिलीच्या एका शेऱ्यासाठी सहा वर्षं भांडली, तिने आपल्या नावावर सपशेल खोटी नोंद होऊ दिली. आणि मी? मी बोलले नाही. एक शब्द पुरला असता. मुलगा आत्याकडे असा बघत होता की मला त्याच्या नजरेची भीती वाटली, आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं.

तो जिन्यावरून आमच्यापुढे झरझर उतरून गेला.

कंपनीने त्याला काढलं नाही. नकाशे काढायच्या विभागात बसवलं, दुसऱ्या गावी. तुकडी त्याच्याशिवाय गेली आणि काम करून सुखरूप परतलीही. तो गेला असता तर काय झालं असतं, हे कुणी दाखवू शकत नाही, म्हणून आमच्या घरात ते झालंच नसतं असं सगळे धरून चालतात. मुलगा रविवारी घरी आला की मित्रांना फोनवर सांगतो, "माझ्या आत्याने आधी मला आजारी पाडलं आणि मग माझी नोकरी घालवली." शेजारच्या खोलीत वन्सं बसलेल्या असतात. वन्संना लॅबमधून मेमो मिळाला, बाहेर परस्पर पत्र धाडल्याबद्दल. त्यांचं टेबल दुसऱ्याला दिलं आणि त्यांना नमुने गोळा करायच्या खिडकीत बसवलं. निवृत्तीला अकरा महिने उरलेत.

मागच्या आठवड्यात न राहवून मी दुपारी त्यांच्या खोलीत गेले. त्या जुन्या वह्या बांधत होत्या.

"मी त्याला सांगणार आहे," मी म्हणाले.

"काय?"

"गोळ्यांचं. तुम्ही काही सांगितलं नव्हतं. मी न विचारता दिल्या."

"नको."

"का नको? तो तुमच्याशी बोलत नाही, मला दिसत नाही का?"

"माझ्याशी नाही बोलला तरी चालेल," त्यांनी गाठ मारत म्हटलं. "बरं वाटेनासं झालं की तो फोन तुला करतो. मला नाही, बापाला नाही. पुन्हा कधी डोळे पिवळे झाले तर कुणाला सांगेल? तुझ्यावरचा विश्वास उडाला तर कुणालाच सांगणार नाही. अंगावर काढेल आणि पडून राहील. यादी नुसती पाकिटात ठेवून भागत नाही, अगं. विचारायला माणूस लागतं."

मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की चोवीस वर्षांत आला नसेल. त्यांनी मला चार शिव्या द्याव्यात, ते पाकीट माझ्या तोंडावर फेकावं, म्हणजे मी मोकळी झाले असते. त्याऐवजी त्यांनी मला या कामाला जुंपलं होतं, आणि त्यांचं म्हणणं खरंही होतं.

"आणि मी तुम्हाला मुलावरून बोलले ते?" मी विचारलं.

"ते बोललीस," वन्सं म्हणाल्या. "जरा ही दोरी धर."

मी दोरी धरली. मुलगा दर रविवारी जेवायला येतो. आत्याकडे पाठ करून बसतो, आणि मी त्याला गरम गरम वाढते.